अर्ध्या दिवसात सक्कारा आणि दहशूर: पिरॅमिडचा आकार कसा सापडत गेला

इजिप्तला जाणारे बहुतेक प्रवासी गिझाचे तीन पिरॅमिड पाहतात आणि पिरॅमिड पाहून झाले असे समजून दक्षिणेला लुक्सरकडे निघतात. प्रत्यक्षात इजिप्तमध्ये शंभराहून अधिक पिरॅमिडांचे अवशेष ज्ञात आहेत. त्यांतले सर्वांत बोलके पिरॅमिड गिझापासून थोडे दक्षिणेला सक्कारा आणि दहशूर येथे असूनही तिथली गर्दी गिझाच्या मानाने नगण्य असते. गिझाचा मोठा पिरॅमिड पाहताना मनात पहिला प्रश्न येतो तो इतकी नेमकी, चारही बाजूंनी गुळगुळीत उतरणारी वास्तू माणसाला सुचली कशी, हा. त्याचे उत्तर गिझाला मिळत नाही, कारण तिथे आपण एका दीर्घ प्रयत्नाचे फळ पाहत असतो. तो प्रयत्न, त्यातल्या चुका आणि त्या चुकांवर शोधलेले उपाय सक्कारा आणि दहशूरच्या दगडांत आजही डोळ्यांनी दिसतात, आणि ते समजून घ्यायला जाणत्या मार्गदर्शकाबरोबरचा अर्धा दिवस पुरतो.

दोन्ही स्थळे नाईलच्या पश्चिम काठावर, वाळवंटाच्या कडेला आहेत. सक्कारा मध्य कैरोपासून सुमारे 30 किलोमीटर दक्षिणेला आहे आणि दहशूर त्याच्याही पुढे सुमारे 10 किलोमीटरवर. गिझापासून दहशूरपर्यंतचा हा सगळा पट्टा म्हणजे मेम्फिस या प्राचीन राजधानीची दफनभूमी होय. 1979 मध्ये युनेस्कोने मेम्फिससह त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. दफनासाठी हीच जागा निवडण्यामागे श्रद्धा आणि व्यवहार दोन्ही होते. सूर्य पश्चिमेला मावळतो म्हणून पश्चिम ही मृतांची दिशा मानली जात असे. त्याच वेळी वाळवंटाची ही कड पुराच्या पाण्याच्या वर होती, राजधानीपासून जवळ होती आणि तिथल्या जमिनीतच बांधकामाचा चुनखडीचा दगड मिळत होता. बाहेरच्या आच्छादनाचा पांढराशुभ्र, बारीक कणांचा चुनखडी दगड मात्र नदीपलीकडच्या तुरा येथील खाणींतून होडीने आणावा लागे, आणि ग्रॅनाइट तर थेट अस्वानहून.

प्रवासाच्या क्रमाविषयी आधीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. जमिनीवरचा क्रम आणि काळाचा क्रम इथे जुळत नाहीत. सक्काराला इ.स.पू. 2650 च्या सुमाराचा जोसेर राजाचा पिरॅमिड आणि त्यानंतर सुमारे 300 वर्षांनी झालेल्या उनास राजाचा पिरॅमिड एकमेकांना लागून आहेत, आणि या दोहोंच्या मधल्या काळातला स्नेफेरू राजा दहशूरला आहे. मार्गदर्शक जागेच्या सोयीने माहिती देतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात राजांच्या नावांची सरमिसळ होते. म्हणून जोसेर, स्नेफेरू आणि उनास ही तीन नावे याच क्रमाने लक्षात ठेवून निघावे. आकार कसा सुरू झाला, कसा पूर्णत्वाला गेला आणि नंतर त्याचे काय झाले, हे या तिघांवरून कळते. पुढचे विवेचन मी काळाच्या क्रमानेच केले आहे.

जोसेर: मातीचे दगडात रूपांतर

जोसेरच्या आधीचे राजे आणि सरदार ज्या कबरींत पुरले जात, त्यांना आज मस्तबा म्हणतात. जमिनीत खोल खोदलेला दफनकक्ष आणि त्यावर कच्च्या विटांचा, आयताकृती, सपाट माथ्याचा बसका ओटा अशी त्यांची रचना असे. जोसेरची कबरही सुरुवातीला मस्तबाच होती, पण दगडी आणि चौरस. तिची बाजू सुमारे 63 मीटर आणि उंची सुमारे 8 मीटर होती. ती दोनदा रुंदावण्यात आली. त्यानंतर तिच्यावर चार पायऱ्यांचा पिरॅमिड उभा राहिला आणि शेवटी तोही वाढवून सहा पायऱ्यांचा, सुमारे 62 मीटर उंचीचा करण्यात आला. बाहेरचे दगड जिथे पडले आहेत तिथे आतल्या आधीच्या टप्प्यांच्या कडा आजही दिसतात. मार्गदर्शकाला त्या आवर्जून दाखवायला सांगावे, कारण बांधता बांधता बेत बदलत गेल्याचा इतका उघड पुरावा क्वचितच पाहायला मिळतो.

बेत का बदलला, याविषयी मते आहेत. कबरीभोवतीचा प्राकार सुमारे साडेदहा मीटर उंच होता, त्यामुळे आतली आठ मीटरची मस्तबा बाहेरून दिसलीच नसती, असे काही अभ्यासक म्हणतात. दुसरे कारण श्रद्धेचे आहे. पुढच्या काळातल्या पिरॅमिडांमधील मंत्रांत राजासाठी आकाशात चढण्याचा जिना उभारल्याचे उल्लेख येतात, आणि सहा पायऱ्यांची ही वास्तू तसाच जिना असावी. मला ही दोन कारणे परस्परविरोधी वाटत नाहीत. दुरून दिसणे आणि वर चढणे या दोन्ही अपेक्षा एकाच राजाच्या मनात असू शकतात.

या वास्तूचे श्रेय इम्होतेप या अधिकाऱ्याला दिले जाते. जोसेरच्या एका पुतळ्याच्या पायथ्यावर राजाच्या नावासोबत इम्होतेपचे नाव आणि पदव्या कोरलेल्या सापडल्या. राजाच्या पुतळ्यावर प्रजाजनाचे नाव असणे हा फार मोठा मान होता. पुढे हजारो वर्षांनी इजिप्तच्या लोकांनी त्याला देवत्व देऊन आरोग्यासाठी त्याची उपासना केली. सक्काराच्या प्रवेशद्वाराजवळच्या छोट्या संग्रहालयालाही त्याचेच नाव आहे.

जोसेरच्या आवारात शिरताना घाई करू नये. प्राकाराची लांबी दीड किलोमीटरहून अधिक आहे आणि त्यात पंधरा दारे दिसतात, पण त्यांतली चौदा केवळ भिंतीत कोरलेल्या बंद दारांच्या प्रतिकृती आहेत. खरे दार एकच, आग्नेय कोपऱ्यात आहे. त्यातून आत गेल्यावर स्तंभांची लांब वाट लागते. स्तंभांवर उभ्या पन्हळी आहेत, त्यामुळे ते बोरूच्या जुड्या बांधून उभ्या केल्यासारखे दिसतात, आणि वाटेच्या आरंभीचे दगडी छत ओंडके ओळीने मांडल्यासारखे कोरले आहे. त्या काळापर्यंत इमारती बोरू, लाकूड आणि माती यांच्याच असत. दगडाची इमारत कशी दिसावी याचा नमुनाच अस्तित्वात नसल्यामुळे कारागिरांनी ओळखीच्या वस्तूंची रूपे दगडात उतरवली. भाजे आणि कार्ल्याच्या चैत्यगृहांत लाकडी बांधकामाची नक्कल कातळात केलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही प्रवृत्ती लगेच ओळखू येईल. काळ, देश आणि धर्म वेगळे असले तरी नवे साहित्य हाती आलेला कारागीर आधी जुन्याच आकारांचा आधार घेतो. इथे आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. हे स्तंभ स्वतंत्र उभे नाहीत, आडव्या भिंतींना जोडलेले आहेत. दगडाचा खांब एकटा भार पेलू शकेल, हा विश्वास अजून यायचा होता.

पिरॅमिडच्या उत्तरेला एक लहान, किंचित मागे कललेली दगडी खोली आहे. तिच्या भिंतीला दोन छिद्रे आहेत आणि त्यांतून पाहिले की बसलेला जोसेर समोर दिसतो. ती छिद्रे मुळात आपल्यासाठी नव्हती. त्यांतून राजाने उत्तर आकाशातले कधीही न मावळणारे तारे पाहावेत आणि समोर चाललेले अर्पणविधी अनुभवावेत, अशी ती योजना होती. आतला पुतळा प्रतिकृती आहे, मूळ पुतळा कैरोच्या संग्रहालयात आहे. पिरॅमिडखाली सुमारे 28 मीटर खोल विहिरीसारखा दफनकूप आहे आणि त्याच्या चहूबाजूंना अनेक किलोमीटर लांबीचे भुयारी मार्ग पसरले आहेत. त्यांतल्या काही भिंतींवर निळ्या चकचकीत फरशा बसवून पुन्हा बोरूच्या चटयांचाच भास निर्माण केला आहे. या भुयारांत सुमारे 40,000 दगडी भांडी सापडली आणि त्यांतली अनेक जोसेरच्या पूर्वजांच्या नावाची होती. 2006 मध्ये सुरू झालेले डागडुजीचे काम संपून 2020 च्या मार्चमध्ये हा पिरॅमिड पुन्हा खुला झाला. आत जाण्यासाठी वेगळे तिकीट लागते आणि वेळ असल्यास ते घ्यावे. जाँ-फिलिप लोएर या फ्रेंच वास्तुविशारदाने 1926 मध्ये इथे काम सुरू केले आणि 2001 मध्ये मृत्यू येईपर्यंतचे जवळजवळ सगळे आयुष्य या आवाराचे विखुरलेले दगड ओळखून पुन्हा जागी बसवण्यात घालवले. प्राकाराचा जो भाग, जी वाट आज उभी दिसते, तिच्यामागे त्यांचे हे श्रम आहेत.

जोसेरनंतरच्या सेखेमखेत राजाने लगेच तसाच पिरॅमिड सुरू केला, पण तो अर्धवट राहिला. 1950 च्या दशकात झकारिया गोनेइम यांनी त्याचे उत्खनन केले तेव्हा आत बंद असलेली अलाबास्टरची शवपेटी सापडली. ती उघडल्यावर रिकामी निघाली. तिथे आज पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही.

स्नेफेरू: एका राजाचे तीन प्रयत्न

सक्काराहून दहशूरला जाताना रस्ता शेतांतून आणि खजुरांच्या बागांतून जातो, आणि लागवडीची रेघ संपते तिथे एकदम वाळवंट सुरू होते. दहशूरचा परिसर अनेक वर्षे लष्कराच्या ताब्यात होता आणि 1996 मध्ये तो पर्यटकांना खुला झाला. इथे भोवती दुकाने नाहीत, वस्ती नाही, आणि पिरॅमिड आपल्या मूळ एकांतात उभा असलेला पाहायला मिळतो. माझ्या मते केवळ यासाठीसुद्धा दहशूरला जावे.

स्नेफेरू हा चौथ्या राजवंशाचा पहिला राजा, इ.स.पू. 2600 च्या सुमाराचा, आणि गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूचा पिता. त्याने तीन मोठे पिरॅमिड बांधले. त्या तिन्हींचा दगड मिळून सुमारे 35 लाख घनमीटर भरतो, तर खुफूच्या पिरॅमिडचा सुमारे 26 लाख. इजिप्तमधला सर्वांत मोठा बांधकामकर्ता म्हणून खुफूचे नाव घेतले जाते, पण दगडाचा हिशोब पाहिला तर तो मान वडिलांचा आहे.

त्याचा पहिला पिरॅमिड दहशूरपासून बराच दक्षिणेला मेदूम येथे आहे. तो आधी पायऱ्यांचाच होता. नंतर पायऱ्यांमधल्या जागा भरून त्याला सपाट उतार देण्यात आला. तो बाहेरचा भराव पुढे ढासळला आणि आज तिथे मातीच्या ढिगातून वर आलेला एक मनोरा दिसतो.

दुसरा प्रयत्न म्हणजे दहशूरचा वाकडा पिरॅमिड. याची प्रत्येक बाजू खालून सुमारे 54 अंशांनी चढते आणि निम्म्याच्या जरा अलीकडे, सुमारे 47 मीटर उंचीवर, एकदम मवाळ होऊन सुमारे 43 अंशांवर येते. कोन हा शब्द आपला आहे. इजिप्तचे गवंडी उतार वेगळ्या पद्धतीने मोजत. त्यांचा एक हात सुमारे साडेबावन्न सेंटिमीटरचा असे आणि त्याचे सात भाग पडत, प्रत्येक भाग चार बोटांच्या रुंदीचा. एक हात उंची चढताना कडा असे किती भाग आत सरकते, हे त्यांचे उताराचे माप होते. या मापाची गणिते सोडवून दाखवणारा एक पपायरस उपलब्ध आहे. तो स्नेफेरूनंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिला गेला, पण या पिरॅमिडांचे उतार त्या मापात चपखल बसतात. वाकड्या पिरॅमिडच्या खालच्या भागात दर हाताला कडा पाच भाग आत सरकते, वरच्या भागात साडेसात भाग. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडला हेच माप साडेपाच आहे. म्हणजे तिथला उतार या दोन टोकांच्या मधला आहे, आणि तो तसा का निवडला असेल याचा अंदाज इथे उभे राहिल्यावर येऊ लागतो.

उतार मध्येच का बदलला? पिरॅमिडच्या आतल्या खोल्यांत आणि मार्गांत भेगा पडलेल्या आहेत, त्या लिंपून बुजवल्याच्या खुणा आहेत आणि वरच्या खोलीत आधारासाठी घातलेल्या देवदाराच्या तुळया अजून जागेवर आहेत. जमीन वाळू, गोटे आणि चिकणमातीची असल्याने पाया असमान खचत होता, याची जाणीव बांधणाऱ्यांना कामाच्या मध्यावरच झाली. मूळ आराखडा याहूनही उभा, सुमारे 60 अंशांचा होता, असे मोजमापांवरून दिसते. धोका लक्षात आल्यावर आधी चारी बाजूंनी दगडाचा जाड पट्टा बांधून पाया रुंदावण्यात आला आणि उतार 54 अंशांवर आणला. तेवढ्यानेही भागले नाही, तेव्हा वरचा भाग मवाळ करून वजन कमी करण्यात आले. 54 अंशांनीच चढत राहिले असते तर शिखर सुमारे 130 मीटरवर गेले असते. प्रत्यक्षात ते सुमारे 105 मीटरवर थांबले. मेदूमचा पिरॅमिड याच सुमारास कोसळल्यामुळे घाबरून इथला उतार बदलला, असेही एक मत मांडले गेले होते, पण मेदूमची पडझड पुष्कळ नंतरची आणि हळूहळू झालेली मानली जात असल्यामुळे आता बहुतेक अभ्यासक ते स्वीकारत नाहीत.

दगड रचण्याची पद्धतही याच वास्तूत बदललेली आहे, आणि मला हा बदल कोनाच्या बदलापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. जोसेरच्या काळापासून दगडांचे थर आतल्या बाजूला कललेले रचत. भिंती एकमेकींवर रेलून उभ्या राहतील, ही त्यामागची कल्पना होती. पण अशा रचनेत वरचे सारे वजन तिरके होऊन मध्यभागाकडे ढकलले जाते आणि आतल्या पोकळ खोल्यांवर ताण येतो. वाकड्या पिरॅमिडच्या खालच्या भागात थर तसेच कललेले आहेत, तर वरच्या भागात ते आडवे, सपाट रचलेले आहेत. आडव्या थरांत वजन सरळ खाली उतरते. यानंतरचे मोठे दगडी पिरॅमिड याच आडव्या पद्धतीने बांधले गेले. तुराच्या पांढऱ्या दगडाचे आच्छादन या पिरॅमिडवर अजून बऱ्याच प्रमाणात शाबूत आहे. कोपऱ्यांवर ते निघाले आहे तिथे आच्छादनाचे कललेले दगड जवळून पाहता येतात. 1965 पासून बंद असलेला हा पिरॅमिड 2019 मध्ये आतून पाहण्यासाठी खुला झाला. उत्तरेच्या दारातून सुमारे 79 मीटर लांबीचा अरुंद, उतरता मार्ग खाली जातो.

तिसरा पिरॅमिड याच्या उत्तरेला सुमारे दोन किलोमीटरवर आहे. त्याचे आच्छादन बहुतांशी काढून नेले गेल्यामुळे आतला तांबूस चुनखडी दगड उघडा पडला आहे, म्हणून त्याला लाल पिरॅमिड म्हणतात. पायाची बाजू सुमारे 220 मीटर, म्हणजे खुफूच्या पिरॅमिडच्या 230 मीटरच्या जवळपास, पण उंची सुमारे 105 मीटर, कारण उतार पहिल्यापासूनच सुमारे 43 अंशांचा ठेवला होता. वाकड्या पिरॅमिडच्या वरच्या भागात जे शहाणपण आले, तेच घेऊन ही वास्तू पायापासून उभी राहिली. सलग सपाट बाजूंचा, बेत न बदलता पूर्ण झालेला पहिला मोठा पिरॅमिड तो हाच, आणि स्नेफेरूचे दफनही इथेच झाले असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. जर्मन पुरातत्त्वज्ञ रायनर श्टाडेलमान यांना इथे शिखरावरच्या टोकदार दगडाचे तुकडे सापडले. ते जोडून तो दगड पिरॅमिडच्या पूर्वेला ठेवला आहे. आच्छादनाच्या दगडांच्या मागच्या बाजूला कामगारांच्या गटांची नावे आणि कामाच्या तारखा लाल रंगाने लिहिलेल्या मिळाल्या, त्यामुळे कोणता थर कधी रचला याचा माग काढता आला.

लाल पिरॅमिडच्या आत जरूर जावे. दार जमिनीपासून सुमारे 28 मीटर उंचीवर आहे. तिथवर बाहेरच्या पायऱ्यांनी चढायचे आणि मग 60 मीटरहून लांब अशा उतारावरून वाकून खाली जायचे. खाली पोचल्यावर ताठ उभे राहता येते आणि मान वर केली की छत बारा मीटरहून उंच गेलेले दिसते. दगडाचा प्रत्येक वरचा थर दोन्ही बाजूंनी थोडा थोडा आत सरकवत नेऊन ही छते मिटवली आहेत. कमान ठाऊक असो वा नसो, लाखो टन दगडाखाली पोकळी टिकवण्याचा हा खात्रीचा मार्ग होता आणि साडेचार हजार वर्षांत त्याने दगा दिलेला नाही. अशा तीन खोल्या आहेत आणि तिसरीत जायला लाकडी जिना आहे. हवा कोंदट असते आणि वास उग्र असतो. गुडघे, पाठ, हृदय किंवा श्वास यांचा त्रास असणाऱ्यांनी आणि बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी बाहेरच थांबावे. मार्गदर्शक बहुधा आत येत नाही, म्हणून काय पाहायचे ते दाराशीच समजून घ्यावे. वाकड्या आणि लाल अशा दोन्हींच्या आत जाण्याइतके बळ बहुतेकांच्या पायांत उरत नाही. एकच निवडायचा झाल्यास मी लाल निवडीन.

स्नेफेरूच्या मुलाच्या वेळी, खुफूच्या काळात, आडवे थर, मजबूत कातळाचा पाया आणि सुमारे 52 अंशांचा उतार हे सगळे एकत्र आले आणि 146 मीटरची उंची गाठता आली. जोसेरच्या पहिल्या ओट्यापासून इथपर्यंत जेमतेम शंभर वर्षे लागली.

उनास: दगड कमी, शब्द अधिक

गिझानंतर पिरॅमिड लहान होत गेले. सक्काराला जोसेरच्या प्राकाराच्या दक्षिणेला लागूनच उनासचा पिरॅमिड आहे आणि बाहेरून तो मातीच्या टेकाडासारखा दिसतो. मुळात त्याची उंची सुमारे 43 मीटर होती. या काळात गाभा ओबडधोबड लहान दगडांचा आणि राबिटाचा भरत, आणि बाहेरून तेवढे घडीव आच्छादन लावत. नंतरच्या शतकांत लोकांनी आच्छादन बांधकामासाठी नेले आणि गाभा ढासळून पसरला. त्यावरून राज्य दुबळे झाले असा निष्कर्ष घाईने काढला जातो. तो पूर्ण खरा नाही. साधनसंपत्ती आता डोंगराएवढा दगड रचण्याऐवजी मंदिरे, त्यांतली उठावशिल्पे आणि अधिकाऱ्यांच्या कबरी यांच्याकडे वळली होती. उनासच्या पिरॅमिडकडे येणारा सुमारे 700 मीटरचा बंदिस्त मार्ग शिल्पांनी भरलेला होता. त्याचे जे तुकडे उरले आहेत त्यांत अस्वानहून ग्रॅनाइटचे स्तंभ होडीने आणल्याचे दृश्य आहे, आणि बरगड्या वर आलेल्या भुकेल्या माणसांचेही.

खरा ठेवा आत आहे. 1881 मध्ये गास्तों मास्पेरो यांनी हा पिरॅमिड उघडला तेव्हा खोल्यांच्या भिंतींवर वरपासून खालपर्यंत चित्रलिपीचे उभे स्तंभ कोरलेले आढळले. कोरीव अक्षरांत निळा रंग भरलेला आहे आणि दोन्ही बाजूंनी उतरत्या छतावर तारे आहेत. जोसेर, स्नेफेरू, खुफू यांच्या दफनकक्षांत असा एकही मजकूर नाही. इ.स.पू. 2350 च्या सुमाराचे हे मंत्र म्हणजे पिरॅमिडमध्ये कोरलेला सर्वांत जुना धार्मिक संग्रह होय. मृत राजाने उठावे, अन्न घ्यावे, साप-विंचवांपासून वाचावे, आकाशात चढून देवांमध्ये जागा मिळवावी, यासाठी ते म्हटले जात. एका मंत्रात राजाला सांगितले आहे की तू मेलेला गेला नाहीस, तू जिवंत गेलास. राजाला आकाशापर्यंत पोचवण्याचे जे काम आधी दगडाची उंची करत होती, त्यातले पुष्कळसे आता शब्दांवर सोपवले गेले, असे मला ही खोली समजून घेताना वाटते. हा कक्ष बंद असेल तर जवळच्या तेती राजाच्या पिरॅमिडमध्ये तशाच प्रकारचे मंत्र पाहता येतात.

तेतीच्या पिरॅमिडशेजारी त्याचा वजीर आणि जावई मेरेरुका याची तीसहून अधिक दालनांची मस्तबा आहे. पिरॅमिड पाहून दमलेले लोक ती टाळतात. तसे करू नये. पाणघोड्यांची शिकार, मासेमारी, दागिने घडवणारे कारागीर, पाळीव तरसांना बळेच भरवणारे नोकर, कर न भरल्याबद्दल फटके खाणारे गावप्रमुख, असे त्या काळचे रोजचे जगणे या भिंतींवर आहे. आतल्या मोठ्या दालनात कोनाड्यातून पायऱ्या उतरून बाहेर येत असल्यासारखा मेरेरुकाचा उभा पुतळा आहे. शिल्पांना हात लावू नये. हाताच्या घामाने रंग जातो.

वेळेचा हिशोब आणि काळा पिरॅमिड

सकाळी आठच्या सुमारास सक्काराला पोचावे. जोसेरचे आवार, उनास आणि तेती-मेरेरुका यांना अडीच तास लागतात. नंतर दहशूरला दीड-दोन तास. सार्वजनिक वाहनाने ही दोन्ही ठिकाणे एका सकाळी जमत नाहीत, म्हणून गाडी दिवसभराऐवजी अर्ध्या दिवसासाठी ठरवावी आणि ती दहशूरच्या दोन पिरॅमिडांमध्येही लागेल हे आधीच सांगावे. बहुतेक सहली मेम्फिसच्या खुल्या संग्रहालयातही नेतात. तिथे दुसऱ्या रामसेसचा सुमारे दहा मीटर लांबीचा आडवा पडलेला पुतळा भव्य आहे, पण खुद्द राजधानीचे अवशेष फार थोडे उरले आहेत. वेळ अपुरा असेल तर मी मेम्फिस सोडून देईन, मेरेरुका सोडणार नाही. ऑक्टोबर ते मार्च हे महिने सोयीचे असतात. शक्य असल्यास ही सफर गिझाच्या आदल्या दिवशी करावी.

दहशूरच्या वाकड्या पिरॅमिडजवळ उभे राहून पूर्वेला पाहिले की शेतांच्या कडेला एक काळपट, वेडावाकडा सुळका दिसतो. हा तिसऱ्या अमेनेमहातचा, इ.स.पू. 1850 नंतरच्या काळातला काळा पिरॅमिड. तेव्हा गाभा कच्च्या विटांचा आणि आच्छादन चुनखडीचे, अशी पद्धत रूढ झाली होती. आच्छादन गेले आणि विटा उघड्या पडून झिजल्या. पण त्याचे दुखणे याहून जुने आहे. जागा सखल, नाईलच्या पाण्याजवळची होती, उतार 57 अंशांच्या आसपास म्हणजे फार उभा होता, आणि खाली खोल्या व मार्ग पुष्कळ असूनही वरचे वजन बाजूला वळवण्याची पुरेशी व्यवस्था नव्हती. बांधकाम चालू असतानाच जमीन खचली आणि भिंतींना भेगा गेल्या. स्नेफेरूला याच परिसरात जे भोगावे लागले होते, तेच सातशे-आठशे वर्षांनी अमेनेमहातच्या वाट्याला आले.

त्यानेही तोच मार्ग धरला. त्याने फैयूमजवळ हवारा येथे दुसरा पिरॅमिड बांधायला घेतला, तिथे उतार 49 अंशांच्या आसपास आणला, दफनकक्ष शंभर टनांहून जड अशा एकाच क्वार्टझाइटच्या दगडात कोरून काढला आणि त्याच्यावर वजन वळवणारे भक्कम छत घातले. त्याचे दफन तिथेच झाले. काळ्या पिरॅमिडचा शिखरदगड मात्र 1900 मध्ये दहशूरच्या ढिगाऱ्यात सापडला. काळ्या ग्रॅनाइटच्या त्या दगडावर कोरलेले दोन डोळे आणि सूर्याची पंखदार चकती कैरोच्या संग्रहालयात पाहता येते. हवारा आणि स्नेफेरूचे मेदूम अर्ध्या दिवसात बसत नाहीत. ती दोन्ही फैयूमच्या बाजूला असल्यामुळे त्यांच्यासाठी कैरोहून दुसरा एक पूर्ण दिवस काढावा लागतो.